जोड्यांजवळची जागा

शाळा,
सोमवार, दि. ९ जानेवारी १९६७

चि. सौ. मंजुळा हिस अनेक आशीर्वाद.

माझ्या अक्षरातलं एवढं लांब पत्र पाहून घाबरू नको. घरी सगळे बरे आहेत. तुझ्या आईचा गुडघा थंडीनं धरला आहे, एरंडाचं पान गरम करून बांधतो आणि ती मलाच शिव्या घालते. तूर शेंगांवर आहे. लाल गाय आटली. हिंमतरावांना नमस्कार सांग, सुलतानपूरकडे यंदा हरभरा कसा आहे ते त्यांना विचारून कळव.

एरवी आई सांगते, मी लिहितो आणि शेवटी ‘वडिलांचे आशीर्वाद’ एवढीच माझी ओळ असते. आज आई समोर नाही. शाळा सुटली, मास्तर लोक गेले, मी टेबलाशी एकटा बसलो आहे. आंतरदेशीय पत्र आणलं होतं, पण त्यात मावेल असं वाटेना, म्हणून वहीचे कागद फाडले. वहीचा कागद फाडू नका म्हणून पोरांवर तीस वर्षं ओरडतो आहे. फाडताना आजूबाजूला पाहून घेतलं.

आता मूळ गोष्ट. रहेमतुल्ला पिंजारी तुला आठवत असेल, आपल्या गाद्या-रजया भरून देणारा. तुझ्या लग्नातली गादी त्याचीच. त्याची थोरली पोरगी ताहेरा यंदा सातवीत आहे. पाचवीपासून तिचा पहिला नंबर कोणाला घेता आला नाही.

आपली पद्धत अजून तीच आहे. शनिवारी सकाळी तोंडी परीक्षा, सोमवारी नंबराप्रमाणे बसायचं. पहिला माझ्या टेबलापाशी, शेवटचा दाराशी, जोड्यांजवळ. निम्मी पोरं अनवाणी येतात, तरी जागेचं नाव तेच. एखादा जोड्यांजवळ गेला की संध्याकाळपर्यंत त्याच्या घरी बातमी जाते आणि तिथं त्याला वेगळा मार बसतो. माझ्या गुरुजींनी आम्हाला असंच बसवलं, मी पोरांना असंच बसवत आलो. तपासणीला साहेब आले की मी छाती काढून सांगतो, आमच्या शाळेत अभ्यास करा म्हणून सांगावं लागत नाही.

तर डिसेंबरात सातवीची सराव परीक्षा घेतली. ताहेराचा गणिताचा पेपर हातात घेतला. पहिल्या पानावर नाव आणि तारीख, मोत्यासारखी. मग चारही पानांना पट्टीनं समास आखलेला, एकदम सरळ. आत एक अक्षर नाही. मला वाटलं, पोरीला मस्ती आली. मी तो पेपर सगळ्या वर्गाला वर धरून दाखवला. तेव्हापासून दर शनिवारी सकाळी तिच्या पोटात दुखतं. ओकते. रहेमतुल्लानं खामगावला दवाखान्यात दाखवलं. परवा शाळेत येऊन म्हणाला, “डाक्टर म्हणते, पोटात काईच नाई. मंग गुरुजी, हे पोट्टी शनिवारीच काऊन लोळते?”

मी त्याला म्हटलं, पाहतो. काय पाहणार, कपाळ.

मार्चअखेर खामगावला केंद्राची परीक्षा आहे. ताहेरा पास झाली तर खामगावला मावशीकडे राहून हायस्कुलात जाणार. मावशी तयार आहे, रहेमतुल्ला तयार आहे, पोरगी तर कधीची तयार आहे. पण नापास झाली तर तिची शाळा संपली. पोराला दुसऱ्यांदा बसवतात. पोरीला कोणी बसवत नाही, त्यांच्याकडे काय नि आपल्याकडे काय. हे मी तुला काय सांगावं.

तुझंही शनिवारी पोट दुखायचं. आई ओवा द्यायची आणि मी म्हणायचो, ढोंग आहे. म्हणून तुला एक विचारतो. छप्पन साली केंद्रावर गणिताच्या पेपराला तुला काय झालं होतं? उत्तरं येत नव्हती, की येत असून लिहवत नव्हती? मी तेव्हा बाहेर चिंचेखाली बसलेलो, मला आतलं काय कळणार. तू कधी बोलली नाहीस आणि मी विचारलं नाही. अकरा वर्षं झाली. दिवाळीला येतेस, आईशी तासन्‌तास बोलतेस आणि मला ‘हो’ नाही तर ‘नाही’. माझी तक्रार नाही. रागवायला विचारत नाही, औषध पाहिजे म्हणून विचारतो.

आईला या पत्राचं कळवू नको.

तुझे वडील,
शेषराव


शाळा,
शनिवार, दि. ४ फेब्रुवारी १९६७

चि. सौ. मंजुळा हिस आशीर्वाद.

तुझं कार्ड मिळालं. चार ओळी. ‘उत्तरं येत होती. सगळी येत होती. हात उचलत नव्हता. नंबर बंद करा.’ खाली निम्मं कार्ड कोरं. बाई, कार्डावर लिहिलंस ते लिहिलंस, आपला पोस्टमन शालिग्राम कार्ड वाचल्याशिवाय देत नाही हे विसरलीस का? त्यानं पारापाशी मला अडवलं आणि चार माणसांत विचारलं, गुरुजी, कोणते नंबर बंद करून राह्यले?

पण तुझं ऐकलं. खरंच ऐकलं. पुढच्याच सोमवारी मी ओसरीवर उभा राहून जाहीर केलं की आजपासून नंबर नाही, ज्याला जिथं वाटेल तिथं त्यानं बसावं. मला वाटलं, पोट्टे नाचतील. तर सातवीची तेवीसच्या तेवीस पोरं ओसरीवर उभी. कोणी आत पाय टाकेना. एकमेकांकडे पाहतात, माझ्याकडे पाहतात. घंटा होऊन दहा मिनिटं झाली. शेवटी मीच ओरडलो, बसा की बे. तेव्हा घुसली आणि जिथल्या तिथं, शनिवारच्या नंबरानं, बरोबर रांगेत बसली. फक्त कडूबा हसत होता. तो वर्षभर जोड्यांजवळच बसतो. त्याला म्हटलं, आता तरी पुढं ये. तर म्हणतो, “मले इथंच बरं वाटते गुरुजी. हवा येते.”

दुसऱ्या दिवशी मोतीराम आला. त्याचा पोरगा दोन नंबरला असतो. ताहेराचा नंबर हलला तर आपल्या पोराचा पहिला लागेल म्हणून त्यानं घरात पेढ्यांची बोली करून ठेवलेली. तो दारातच भांडायला उभा. ‘आमचा नंबर जवळ आला अन् तुमी नंबरच काढून टाकला? हा कोनता न्याव झाला?’ त्याला काय सांगणार. सुलतानपूरहून हुकूम आला म्हणू?

हे सगळं हसण्यावारी नेलं असतं, पण ताहेराचं दुखणं वाढलं. बुधवारी मधल्या सुट्टीत ती माझ्या टेबलाशी आली आणि वर न बघता म्हणाली, “गुरुजी, माझ्यामुळे नंबर बंद केला ना? माझा पहिला नंबर जाणार ते कोणाला कळू नये म्हणून?”

मंजुळा, मी तिच्यावर ओरडलो. चांगलं करायला गेलो आणि ही पोरगी माझ्या चांगुलपणाचा असा अर्थ काढते, याचा मला राग आला. ती रडत घरी गेली, परवापासून शाळेत आली नाही, आजही नाही. मी तिच्या घरापर्यंत गेलो होतो. रहेमतुल्ला अंगणात कापूस पिंजत होता, सगळीकडे धूळ आणि तंतू, त्यातच तिची आई फातिमा उभी. ती मला म्हणाली, तिला बोलवू नका, आता कुठं झोपली आहे. मी परत आलो. रहेमतुल्लानं हात थांबवला नाही, सलामही केला नाही. एवढ्या वर्षांत असं पहिल्यांदा झालं.

तेव्हा तूच सांग, काय चुकलं. तुझ्या बाबतीत मी काय केलं असतं म्हणजे हात उचलला असता? मला तो दिवस रोज आठवतो. तुझ्या मधल्या बोटाला शाई लागली होती आणि तू ती परकराला पुसत होतीस. पुसतच होतीस, लिहीत नव्हतीस. कोणीतरी मला तसं सांगितलं होतं. असो.

निवडणुकीसाठी शाळा घेणार आहेत, मलाही ड्युटी लागली आहे. आठ दिवस त्यात जातील. त्याआधी उत्तर येऊ दे. कार्ड नको.

तुझे वडील,
शेषराव


घरून,
रविवार, दि. १२ मार्च १९६७

प्रिय मंजुळा,

तुझं पत्र मतदानाच्या आदल्या दिवशी आलं. दोन्ही बाजूंनी भरलेलं, कडेला आडवंसुद्धा लिहिलेलं. मी ते मतपेट्यांजवळ बसून तीनदा वाचलं. शिपायाला वाटलं, सरकारी हुकूम आहे. तू मला इतकं लिहू शकतेस हे मला माहीत नव्हतं. तुझं अक्षर माझ्यावर गेलं आहे, फक्त तुझी वेलांटी जास्त चांगली आहे.

तुझं एक वाक्य मला झोंबलं, ते आधी सांगतो. ‘तुम्हाला एखादी गोष्ट येत नाही, असं आम्ही कधी पाहिलंच नाही. मग आपल्याला येत नाही हे पोरांनी कोणाला सांगावं?’ पहिल्या दिवशी मी म्हटलं, काही तरी लिहिते, बायकांचं काय. दुसऱ्या दिवशी म्हटलं, खरं आहे. तिसऱ्या दिवशी तू सांगितलंस तेच करायचं ठरवलं. पण ठरवून आणखी दोन दिवस काढले. धीरच होईना.

शेवटी मी वर्गात सांगितलं की येत्या शनिवारी परीक्षा माझी. तुम्ही प्रश्न काढायचे, तुम्हीच पेपर तपासायचे. अट एकच, प्रश्नाचं उत्तर काढणाऱ्याला स्वतःला आलं पाहिजे. पुस्तकातलं चालेल, घरातलं चालेल, शेतातलं चालेल. पोरांना वाटलं, गुरुजींना ऊन लागलं. ताहेराही तोवर शाळेत येऊ लागली होती. सईद मास्तर, आपल्याकडे नवीन आलेले सहायक, तिच्या घरी जाऊन आले. त्यांनी काय जादू केली ते मला सांगत नाहीत. मला वाटतं, त्यांनी नुसता चहा घेतला आणि शाळेचं काही काढलंच नाही.

आता खरी गंमत. शनिवारी सकाळी उठलो तर माझं पोट दुखायला लागलं. थट्टा करत नाही. कळ येत होती. आंघोळीला गेलो, परत आलो, पुन्हा परसाकडे. तुझ्या आईनं विचारलं, काय खाल्लं होतं? मी म्हटलं, काही नाही. तिनं ओवा आणून हातावर ठेवला. मी ओव्याकडे बघत बसलो. बावन्न वर्षांचा माणूस, मुख्याध्यापक, तेरा-चौदा वर्षांच्या पोरांनी काढलेल्या पंचवीस मार्कांच्या पेपराला भिऊन पोट धरून बसला. मग मला तुझ्या शनिवारांची आठवण झाली, एकेका शनिवारची. मी ओवा खाल्ला आणि शाळेत गेलो.

पेपर सईद मास्तरांनी वाटला, म्हणजे एकट्या मला दिला. मला पोरांच्या रांगेत खाली तरटावर बसवलं. माझे गुडघे मोडत नव्हते, पोरं खुदुखुदू हसत होती. पहिला प्रश्न कडूबाचा, दोनदाती बकरी किती वयाची असते? मी लिहिलं, तीन महिन्यांची. कडूबानं तिथल्या तिथं कपाळावर हात मारला, असते ती वर्ष-दीड वर्षाची. एका पोरीनं विचारलं होतं, ज्वारीची भाकर थापताना चिरते ती का. मी लिहिलं, थापणारी रागात असेल तर. याला अर्धा मार्क मिळाला, सगळ्या पोरींनी मिळून दिला. ताहेराचा प्रश्न होता, एका माणसाच्या रजईला किती शेर कापूस लागतो? मी पिंजाऱ्याच्या शेजारी उभा राहून आयुष्यभर रजया भरून घेतल्या आणि मला ते माहीत नाही. मी लिहिलं, दहा.

एकूण साडेआठ. पंचवीसपैकी साडेआठ, म्हणजे नापास. माझा पेपर ताहेरानं तपासला, कारण पोरांच्या लेखी अजून तीच पहिला नंबर. तिनं फुल्या मारल्या, बेरीज केली आणि मग सगळ्यांसमोर उभी राहून वाचून दाखवलं. रजईच्या प्रश्नाशी आली तेव्हा म्हणाली, दहा शेराची रजई पांघरली तर माणूस सकाळी उठायचाच नाही, गुरुजी. आणि हसली. वर्ग तर लोळतच होता, पण ही हसली, तोंडावर ओढणी धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. डिसेंबरपासून मी तिचे दात पाहिले नव्हते. मला इतकं बरं वाटलं की मी त्या फुल्यांचं वाईट वाटायचं विसरलो.

मग मी उठून जोड्यांजवळ जाऊन बसलो. कोणी सांगितलं नव्हतं. कडूबा सरकला आणि त्यानं मला जागा दिली. खरंच हवा येते तिथं. पण तिथून फळा दिसत नाही, मंजुळा. खांब आडवा येतो. जो मागं राहिला त्याला मी या शाळेत बावीस वर्षं अशा जागी बसवलं जिथून फळाच दिसत नाही. आणि म्हणायचो, हा पुढं येत नाही.

आता आठ-आठ दिवसांनी जागा फिरतात, जोड्यांजवळ मीही पाळी लावतो. तुझी दुसरी सूचनाही लागू केली. लिहिताना ज्याचा हात थांबेल त्यानं पेन खाली ठेवायचा, हवं तर उठून माठातलं पाणी पिऊन यायचं, कोणी ‘का’ म्हणून विचारायचं नाही. पहिल्या दिवशी तेवीसही पोरांना तहान लागली, माठ रिकामा झाला. दुसऱ्या दिवशी बारा जणांना लागली. आता तीन-चार जण उठतात. ताहेरा रोज उठते. परवाच्या चाचणीत पाच गणितांपैकी दोन तिनं केली. दोन का होईना. समास मात्र अजून चारही पानांना आखते, तो मी आखू देतो.

मोतीराम येऊन गेला. गुरुजी नापास झाले हे त्यानं पिंपळगाव राजाच्या बाजारात ऐकलं म्हणे. म्हणाला, “तुमी पोट्ट्याइले आपली अब्रू काऊन देऊन राह्यले?” मी त्याला पोरांचा पेपर सोडवायला दिला. तो चार प्रश्न वाचून, गाडी जुंपायची आहे म्हणून निघून गेला.

परीक्षा २९ मार्चला सुरू होते. भीती अजून आहे, तिलाही आणि मलाही.

तुझा,
बाबा


शाळा,
शुक्रवार, दि. ७ एप्रिल १९६७

प्रिय मंजुळा,

परीक्षा झाली. निकाल जूनमध्ये लागेल. मी तुला तार करीन असं आईला वाटत होतं, पण तारेत मावण्यासारखं नाही. हे सगळं मी नीट लिहिणार आहे आणि मध्ये थांबलो तर पाणी पिऊन येईन.

पोरं निघायच्या आदल्या दिवशी मी ताहेराला टेबलाशी बोलावलं. बावीस वर्षं दर परीक्षेला मी पोरं घेऊन केंद्रावर जातो, गावाला ते ठाऊक आहे. गाडीत माझी जागा धरलेली असते. तरी मी तिला विचारलं, मी तिथं असलेला तुला बरा की नसलेला? मला उत्तर माहीत आहे असं मला वाटत होतं. गुरुजी पाहिजेत म्हणेल, मी आढेवेढे घेईन, मग जाईन. ती पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरू लागली. मग म्हणाली, “तुमी नका येऊ, गुरुजी.”

मी बरं म्हटलं. आत गेलो, कपाट उघडलं, बंद केलं. लागलं मला. इतकं लागेल असं वाटलं नव्हतं. जिच्यासाठी मी जोड्यांजवळ बसलो तिला मी नको होतो. पण ती खरं बोलली आणि मला तोंडावर बोलली, डिसेंबरातल्या ताहेराला ते जमलं नसतं. मग माझ्या मनात आलं की छप्पन साली मी तुला विचारलं असतं, तर तूही हेच म्हणाली असतीस. मी विचारलं नाही.

आता जे लिहायचं ते लिहितो. पहिल्या पत्रात मी लिहिलं की मी बाहेर चिंचेखाली बसलो होतो. ते खोटं आहे. चिंच होती, मी तिच्याखाली नव्हतो. मी खिडकीत होतो. घंटा झाल्यापासून होतो. तिथल्या मास्तरांशी ओळख, मला कोण हटकणार. माझी पोरगी गणितात जिल्ह्यात वर येणार असं मी चार ठिकाणी बोलून बसलो होतो आणि ते होताना मला डोळ्यांनी पाहायचं होतं. तू टाक बुडवलास, कागदावर आणलास आणि थांबलीस. मी तुला बघत होतो आणि मनात म्हणत होतो, लिही, लिही. तू शाई पुसत राहिलीस. मग तू मान वर केलीस आणि तुला मी दिसलो.

मी डोळे वटारले नाहीत, हे मी स्वतःला इतकी वर्षं सांगत आलो. वटारले असते तर बरं झालं असतं, निदान तू घाबरून काही लिहिलं असतंस. मी तोंड फिरवलं. लाज वाटली म्हणून फिरवलं, आणि फाटकाबाहेर जाऊन उभा राहिलो. तुला दिसलं ते एवढंच, की बापानं पाहिलं आणि तो गेला. पुढचे दोन तास तू तिथं एकटी कशी बसलीस, मंजुळा? तुझ्या दुसऱ्या पत्रात तू सगळं लिहिलंस, पोटाचं लिहिलंस, हाताचं लिहिलंस, खिडकीचं लिहिलं नाहीस. तुला माहीत होतं आणि तू माझी लाज राखलीस.

त्यानंतर तुला पुन्हा बसवलं नाही. तुझी आई म्हणत होती, बसवा. मी म्हटलं, काय उपयोग. उपयोग होता. तुला सगळी उत्तरं येत होती.

तर यंदा मी गेलो नाही. पोरांना घेऊन सईद मास्तर गेले. मोतीरामनं गाडीशी उभं राहून आरडाओरडा केला, गुरुजीशिवाय पोट्टे कसे जातील म्हणून. पोरं गेली. मी तीन दिवस गावात काढले. शाळेत येऊन रिकाम्या वर्गात बसायचो. साडेदहाला पेपर सुरू झाला असेल म्हणून उभा राहायचो, मग बसायचो. तुझ्या आईनं एवढ्या वर्षांनी मला विचारलं की बसून बसून करता काय. मी म्हटलं, जात नाही आहे, तेच करतो आहे. संध्याकाळी तिनं माझे पाय चेपले, म्हणजे तिला कळलं असावं. तिचा स्वतःचा गुडघा दुखतो आहे आणि माझे पाय चेपले.

शेवटच्या दिवशी दुपारी गाडी आली. कडूबा चालत्या गाडीतून उडी मारून आला आणि म्हणाला, भूगोल भारी गेला. भारी म्हणजे चांगला की अवघड, ते मी विचारलं नाही. ताहेरा सगळ्यांच्या मागून उतरली. मी ठरवूनच ठेवलं होतं की पेपर कसा गेला हे विचारायचं नाही. पण न विचारता बोलायचं काय, हे कुठं माहीत होतं? तीस वर्षांत मी परीक्षेहून आलेल्या पोराला दुसरं काही विचारलेलंच नाही. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. वाट पाहत होती. तेव्हा तोंडातून निघालं, “जेवलीस का?”

ती म्हणाली, हो. सईद मास्तरांनी सगळ्यांना पाण्याच्या पाटाच्या कडेला बसवलं, मावशीनं भाकरी आणि तळलेल्या मिरच्या पाठवल्या होत्या, त्या कडूबानंच निम्म्या खाल्ल्या. हे सांगता सांगता मग तिनं आपणहून गणिताचं सांगितलं. अर्धा तास हात उचलला नाही. समास आखून झाले होते, पुढं काही नाही. मग तिनं पेन खाली ठेवला. आता कोणी तरी ओरडेल म्हणून वाट पाहिली. खिडकीकडे पाहिलं, तिथं कोणी नव्हतं. कोणी ओरडलं नाही. मग तिला वाटलं, चला, उचलू. शेवटच्या प्रश्नापासून उलटं लिहीत आली, आठपैकी सहा झाले, सातवा अर्धा राहिला आणि घंटा झाली. सांगताना ती रडली नाही. सातवा राहिल्याचा तिला राग आला होता. मला तो राग फार आवडला.

पास होईल असं मला वाटतं. रहेमतुल्लालाही वाटतं, त्यानं तिच्या खामगावच्या बिछान्यासाठी रजई भरायला घेतली आहे. मला पाहून आता पुन्हा सलाम करतो.

ती घरी गेली आणि मी तिथंच ओसरीवर बसून राहिलो. तुझ्या परीक्षेच्या दिवशी आपण दोघं बैलगाडीनं परत आलो, बारा मैल. मी पुढं, तू मागं. आईनं दशम्या आणि तिळाची चटणी बांधून दिली होती. मी ते गाठोडं सोडलं नाही. तुझ्याशी एक शब्द बोललो नाही. घरी येऊन ते गाठोडं जसं होतं तसं आईच्या हातात दिलं आणि विहिरीवर निघून गेलो. तू सकाळी सहाला निघालेली होतीस. तेरा वर्षांची होतीस. हे माझ्या लक्षात गेल्या आठवड्यात आलं, ओसरीवर बसलो तेव्हा. अकरा वर्षांत एकदाही आलं नाही.

ताहेराचा पेपर कोरा राहिला असता तरी मी तिला हेच विचारलं असतं का, असं मी मनाला पुन्हा पुन्हा विचारून पाहिलं. हो, विचारलं असतं. म्हणजे मला विचारता येत होतं. तुलाही विचारता आलं असतं.

तुझी चूक नव्हती. पेपर कोरा राहिला ती माझी चूक, आणि त्यानंतर मी जे बोललो नाही तीही माझीच. माफ कर असं लिहायला मास्तराचा हात अजून अडतो, पण लिहितो. मंजुळा, मला माफ कर.

आणि एवढं मला कळव, कार्डावर कळवलंस तरी चालेल, शालिग्रामनं वाचलं तरी चालेल. त्या दिवशी घरी आल्यावर तरी तू जेवली होतीस का?

तुला विचारायला उशीर झालेला,
तुझा बाबा